हैबतीनं अंतरपाट धरला

एका गावात एक भोळा भाऊ होता. त्याचं नाव हैबती. अंगानं दणकट, मनानं वासरू. डोकं होतं, पण त्याचा उपयोग तो मुंडासं बांधायला करायचा. एक गुण मात्र पक्का होता. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. शाळेत गुरुजींनी एकदा सांगितलं होतं, उत्तर येत नसेल तर गप्प बसावं. हैबती सातवीपर्यंत गप्प बसला. सातवीनंतर शाळेनंच त्याला हात जोडले.

त्याची धाकटी बहीण वैजयंता. घरातली वैजू. ती तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. तिथले डॉक्टर सुहास आणि ती, दोघांनी आधी एकमेकांना पसंत केलं आणि मग दोन्ही घरांना पसंत करायला लावलं. साखरपुड्यात सुहासनं अंगठी दिली. वर एक काचेची पेटी दिली. पेटीत सरडा होता.

कुंपणावरचा साधा सरडा नव्हे. ऑस्ट्रेलियाकडचा दाढीवाला सरडा. दोन महिन्यांचं पिल्लू, वीतभर लांब, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी. दिव्याखालच्या दगडावर छाती काढून असा बसायचा, की वैजूनं त्याचं नाव फौजदार ठेवलं. गावातल्या बायका म्हणाल्या, सोन्याच्या जोडीला सरडा घातला, काय बाई एकेक तऱ्हा. पण वैजूचा त्या सरड्यावर जीव जडला.

सुहासची काही अडचण नव्हती. अडचण होती त्याच्या वडिलांची. तात्यासाहेबांना मुहूर्ताचं वेड होतं. थोरल्या मुलाच्या लग्नात नवरीकडच्यांनी सात मिनिटं उशीर केला, तर तात्यासाहेब मांडवातून वऱ्हाड घेऊन परत गेले. थोरला अजून बिनलग्नाचा आहे. साखरपुड्यातसुद्धा त्यांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र दाढीवरून हात फिरवत सांगितलं, "मुहूर्त बारा वाजून अकरा मिनिटांचा. बारा मिनिटांला आमी गाडीत बसल्यालं असू." वैजूला हाच नवरा हवा होता आणि तिच्या घरात हैबती होता.

लग्नाला वीस दिवस राहिले. वैजूच्या मागं बस्ता, पत्रिका, चोळ्या शिवणं लागलं. सरड्याकडं बघायचं काम हैबतीकडं आलं.

आई म्हणाली, "हैबत्या, जावयानं दिल्यालं जनावर हाय. त्येला जावयावानी ठेव. त्येला काय झालं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई."

"बरं, ध्यानात ठेवतो," हैबती म्हणाला.

आणि ठेवलं. संध्याकाळी वैजू घरी आली, तर फौजदार पाटावर बसलेला. भोवती रांगोळी. समोर ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. हैबती पुढ्यात मांडी घालून बसला होता आणि म्हणत होता, "घ्या की दाजी, अर्धी तरी. लाजू नका, घर तुमचंच हाय." फौजदार तुपात पाय बुडवून त्याच्याकडं एका डोळ्यानं बघत होता.

वैजूनं कपाळावर हात मारला. "दादा, त्यो पुरणपोळी खात न्हाई. त्यो रातकिडं खातो. हे बघ, दवाखान्यातनं डबा आणलाय. आणि घास मापून द्यायचा. त्येच्या दोन डोळ्यांच्या मधी जेवढी जागा, त्येच्यापरीस मोठा किडा द्यायचा न्हाई. मोठा दिला तर अडकतो आणि मागचं पाय जात्यात."

"बरं, ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी चुलत्याच्या घरी वैजूचं केळवण होतं. बुंदीचे लाडू वाढायला हैबती उभा राहिला. प्रत्येक पानापाशी तो वाकायचा, पाहुण्याच्या दोन डोळ्यांमध्ये बोटं लावून अंतर घ्यायचा आणि तेवढा तुकडा मोडून पानात टाकायचा. सरपंचांचे डोळे एक पूर्वेला, एक पश्चिमेला. त्यांना अख्खा लाडू मिळाला. गोदाआत्याचे डोळे नाकाच्या दोन बाजूंना अगदी खेटून होते. तिच्या पानात हरभऱ्याएवढा कण पडला.

"ह्ये काय रं?" आत्यानं विचारलं.

"तुला एवढाच. जास्त दिला तर मागचं पाय जात्याल."

आत्या पानावरून उठली. तिला पुन्हा बसवायला तीन माणसं आणि एक साडी लागली. वैजूनं हैबतीला मागच्या दारी नेलं. "आरं दादा, माणसांला मापून वाढत्यात व्हय? माणसाला भरपूर वाढायचं. पान मोकळं दिसलं की परत वाढायचं. पुरे म्हणलं तरी आग्रह करायचा."

"बरं, ध्यानात ठेवतो."

घरी जाऊन त्यानं रातकिड्यांचा अख्खा डबा पेटीत उपडा केला. दोनशे किडे. फौजदारानं आठ खाल्ले, दहा खाल्ले, तोंड फिरवलं. हैबती काचेपाशी बसून आग्रह करत राहिला. "एक माझ्यासाठी. एक आईसाठी. सरपंचांनी अख्खा लाडू खाल्ला, तुमी एवढ्यात दमला?" पेटीचं झाकणही उघडंच ठेवलं, वाढायला बरं पडतं म्हणून.

सकाळी फौजदार दगडाच्या टोकावर अंग चोरून बसला होता. किड्यांनी त्याच्या शेपटीला चावे घेतले होते. बाकीचे किडे घरभर पांगले होते. एक आईच्या पूजेतल्या घंटेत शिरला होता, आणि आई आरती म्हणेल तेव्हा साथ करत होता.

वैजूनं शेपटीला मलम लावलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादा, जनावराला दहा मिनटं खाऊ द्यायचं. फक्त दहा. मग उरल्यालं सगळं झटकन उचलायचं. ठेवलं तर तेच त्येला चावतं."

बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी बघून हैबतीला फार वाईट वाटलं. "आता मरंस्तोवर ध्यानात ठेवतो," तो म्हणाला.

आठवडाभरानं भावकी मांडव घालायला आली आणि घालून जेवायला बसली. पंक्तीच्या टोकाला सदूअण्णा. वय ऐंशी, तोंडात दात एकही नाही. अण्णांचा भात-वरण कालवण्याचाच कार्यक्रम पाव तास चालायचा. हैबतीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, दहा मिनिटं झाली, आणि त्यानं पंक्तीतल्या सगळ्या पत्रावळी गोळा केल्या. अण्णांचा पहिला घास अजून हवेत होता. तोही काढून घेतला.

"आरं माझं जेवान," अण्णा म्हणाले.

"ठेवलं तर तुमालाच चावंल, अण्णा."

अण्णांचे दात गेले होते, पण शिव्या शाबूत होत्या. त्यांनी हैबतीच्या तीन पिढ्या जेवून काढल्या. आईनं हैबतीचा कान धरला. "म्हाताऱ्या माणसाला असं करत्यात? जा, पाया पड. आपल्या हातानं मऊ कालवून भरव, तोंड पूस, घामेजल्यात तर जरा पावडर लाव."

"बरं, ध्यानात ठेवतो."

पाया तो अण्णांच्या पडला. बाकीचं सगळं मनात ठेवून घरात गेला, कारण तेवढ्यात फौजदाराच्या जेवणाची वेळ झाली होती. त्यानं चार रातकिडे वरण-भातात मऊ कालवले. बोटानं भरवायला गेला तर फौजदारानं तोंड मिटून घेतलं. मग हैबतीनं त्याचं तोंड टॉवेलनं पुसलं आणि वैजूला चुडा भरताना हाताला लावायला आणलेल्या मोगऱ्याच्या पावडरीचा अर्धा डबा त्याच्या अंगावर ओतला. वैजू आली तेव्हा पेटीत एक पांढरा सरडा शिंका देत होता. घराला लग्नघराचा वास येत होता.

वैजू खाली बसली. मग तिनं फौजदाराला ओल्या फडक्यानं पुसलं आणि कपाटातून एक छोटी डबी काढली. "दादा, पावडर त्येला लावायची न्हाई. किड्याला लावायची. आणि ही लावायची, कॅल्शियमची. हाडं भक्कम व्हत्यात. डबीत किडा टाकायचा, हलवायचा आणि मग द्यायचा. पावडरीबिगर एक घास द्यायचा न्हाई. ही डबी आणि ही किड्यांची काडेपेटी सारखी खिशात ठेव. पुन्हा घोळ नको."

"बरं, ध्यानात ठेवतो."

या वेळी घोळ झाला नाही. आठ दिवस फौजदार वेळेवर जेवला. त्याची शेपटी बरी झाली आणि तो बोटभर वाढला. हैबती सकाळ-संध्याकाळ डबी हलवायचा आणि आपली मान अभिमानानं ताठ ठेवायचा. वैजूला वाटलं, सुटले.

मग रुखवताचा आरसा आला. पुरुषभर उंच. ज्यानं आणला त्यानं तो पेटीसमोरच टेकून ठेवला. फौजदारानं समोर दुसरा फौजदार बघितला. तो फुगला. मान वर-खाली डोलवायला लागला. त्याची दाढी बघता बघता काळीकुट्ट झाली, आणि तो काचेवर धडका द्यायला लागला.

"वैजे, फौजदारानं दाढी रंगवली," हैबती ओरडत आला.

वैजूनं धावत जाऊन पेटीवर चादर धरली. हळूहळू धडका थांबल्या. "दादा, नीट ऐक. दोघं समोरासमोर आलं की ही जात भांडती. मान डोलावली, दाढी काळी पडली, की समजायचं आता चावणार. लगीच मधी कापड धरायचं. शांत व्हईस्तोवर सोडायचं न्हाई, मग कुणी कायबी म्हणू दे. दाढी काळीच ऱ्हायली तर कोमट पाण्यात बसवायचं. नायतर एक घास द्यायचा. घास पोटात गेला की निवळतो."

हैबतीनं सगळं बोटांवर मोजून घेतलं. "बरं, ध्यानात ठेवतो."

आता जे झालं ते नसतं झालं तर पुढचंही झालं नसतं. त्याच दुपारी ओटी कुणी भरायची यावरून गोदाआत्या आणि मामी समोरासमोर आल्या. आवाज चढले. दोघींच्या माना हलायला लागल्या. हैबतीनं खाटेवरची चादर ओढली आणि दोघींच्या मध्ये ताणून धरली. आत्या डावीकडं सरकली, तो डावीकडं सरकला. मामी उजवीकडं सरकली, तो उजवीकडं. चादरीशी काही भांडता येईना. शेवटी मामीला हसू फुटलं, मग आत्यालाही, आणि दोघींनी मिळून ओटी भरली.

वैजूनं सगळं बघितलं होतं. ती म्हणाली, "शाबास दादा. हे मातुर अगदी बरोबर केलंस."

हैबतीला जन्मात पहिल्यांदा कुणी शाबास म्हटलं होतं. तो अंगणात जाऊन उगीचच दोन फेऱ्या मारून आला. ती चादर त्यानं घडी घालून उशाशी ठेवली.

लग्नाचा दिवस उजाडला. हैबतीनं नवा सदरा घातला. एका खिशात डबी, एका खिशात काडेपेटी. साडेअकराला वाजतगाजत वऱ्हाड आलं. पुढं तात्यासाहेब, डोक्याला फेटा, मनगटावर मोठं घड्याळ. मुलाच्या लग्नात म्हातारं दिसू नये म्हणून त्यांनी त्याच सकाळी न्हाव्याकडून दाढीला स्वस्तातला कलप लावून घेतला होता. दाढी काळीकुट्ट.

हैबतीनं ती बघितली आणि डोळे चोळून पुन्हा बघितली. साखरपुड्याला हीच दाढी पांढरीशुभ्र होती.

तो तडक आत गेला. चुलीवरचं पाणी घंगाळात ओतलं, त्यात गार पाणी घालून हात बुडवून बघितला. कोमट. घंगाळ मांडवात आणून ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "तात्यासाहेब, बसा."

व्याह्यांचे पाय नवरीच्या भावानं धुवायचे असतात. तात्यासाहेबांना बरं वाटलं. रीतभात जाणतात ही माणसं, असं म्हणत ते चौरंगावर टेकले आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. हैबतीनं त्यांचा फेटा काढून बाजूला ठेवला, खांदे धरले आणि त्यांना अलगद उचलून अख्खे घंगाळात बसवले. मग तांब्या भरून डोक्यावर ओतला. एक, दोन, तीन. दाढीचा काळा ओघळ पांढऱ्या सदऱ्यावरून खाली निघाला.

"निवळली," हैबती सगळ्यांना म्हणाला. "आता चावायचे न्हाईत."

ताशेवाल्याच्या हातातली काडी तशीच राहिली. आईनं भिंत धरली. तात्यासाहेब उठले. दाढी अर्धी काळी, अर्धी पांढरी. त्यांनी पहिल्यांदा मनगटावरच्या घड्याळाला कान लावला. ते चालू होतं.

"माझ्या लेकाचं तोंड बघून गप बसतो," ते म्हणाले. "पण बारा अकराला अंतरपाट निघाला न्हाई, तर ह्ये लगीन मोडलं म्हणून समजा." त्यांनी लग्न लावणाऱ्या गुरुजींचं उपरणं पांघरलं आणि घड्याळावर डोळे लावून बसले.

वैजू बोहल्यावर उभी राहिली. समोर सुहास. गुरुजींनी पिशवीतून अंतरपाट काढला. एक टोक सुहासच्या मामांनी धरलं. दुसरं टोक वैजूच्या मामांनी धरायचं, पण मामांचा हात गळ्यात बांधलेला होता. मांडव घालताना शिडीवरून पडले होते.

गोदाआत्या म्हणाली, "हैबतीला धरू दे की. कापड धरायला येतं त्येला."

हे एकच काम त्याला खरंच येत होतं. कुणी नाही म्हटलं नाही. आईनं एवढंच विचारलं, "नीट धरशील नव्हं?"

"शांत व्हईस्तोवर सोडत न्हाई," हैबती म्हणाला.

घाईत या बोलण्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. तात्यासाहेबांच्या धाकानं गुरुजींनी ती अशी आटपत आणली, की दोन मिनिटं शिल्लक राहिली. शेवटच्या कडव्याआधी ते सुहासला म्हणाले, "हार नीट धरलाय ना?" सुहासनं मान डोलावली. वैजूला म्हणाले, "तुझा?" तिनंही मान डोलावली. मुंडावळ्या हलल्या.

हैबतीनं दोघांकडं बघितलं. सुहासनं लग्नासाठी दाढी राखली होती. कोरलेली, काळीभोर.

"सावधान," गुरुजी म्हणाले. अक्षता पडल्या. ताशा कडाडला. सुहासच्या मामांनी टोक सोडलं. हैबतीनं ते हवेतच पकडलं आणि दोन्ही हात फाकून अंतरपाट ताणून धरला.

"बाळा, सोड आता," गुरुजी म्हणाले.

"न्हाई."

"अरे, झालं. संपलं."

"संपलं कुठं? आता तर माना डोलवाय लागल्यात."

सुहासच्या मामांनी कापड ओढलं. हैबती हलला नाही. तिघांनी ओढलं. हैबतीसकट अंतरपाट हातभर सरकला, पण सुटला नाही. ताशा बंद पडला.

"आरं मेल्या, सोड," आई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"आई, कुणी कायबी म्हणू दे, सोडायचं न्हाई. मला पक्कं सांगितलंय."

"एक मिनट ऱ्हायलं," तात्यासाहेब घड्याळातून डोळे न काढता म्हणाले. वऱ्हाडातल्या दोघांनी चपला शोधायला सुरुवात केली.

कापडाच्या अलीकडं वैजूला सगळं उमगलं. कुणी सांगितलंय, तेही उमगलं. रडायला वेळ नव्हता. "दादा," ती हळूच म्हणाली, "आमी भांडत न्हाई. बघ, मी शांत हाय."

"तू हायेस. पर दाजींची दाढी काळीच हाय."

"मग काय केलं म्हंजे सोडशील?"

हैबतीनं विचार केला. "पाण्यात बसवाय येळ न्हाई. एक घास दिला तर निवळत्याल."

वैजूच्या शेजारी पेढ्यांचं ताट होतं. तिला हायसं वाटलं. "दे की मग. पर लवकर दे."

हैबतीनं अंतरपाट दातांत धरला. पुढं वाकून सुहासच्या दोन डोळ्यांमध्ये बोटं लावली. डॉक्टरांचे डोळे चांगले लांब लांब होते. त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि त्यातला सगळ्यात मोठा निवडला. तो डबीत टाकला. डबी हलवली.

सुहासनं ती डबी ओळखली. त्याचे डोळे मोठे झाले. "हैबतीदादा, अहो, मी..." एवढं बोलायला त्यानं तोंड उघडलं, आणि तेवढं उघडलेलं हैबतीला पुरलं. घास आत गेला. हैबतीनं फौजदाराला लावायचा तसा हनुवटीखाली एक बोटाचा टेकू दिला. सुहासच्या गळ्यातली घाटी एकदा वर गेली आणि खाली आली.

त्यानंतर सुहास पुतळ्यासारखा उभा राहिला. मान डोलवणं सोडाच, पापणीसुद्धा हलली नाही.

"निवळलं," हैबती म्हणाला आणि त्यानं अंतरपाट सोडून दिला.

"बारा अकरा," तात्यासाहेब म्हणाले आणि त्यांनी स्वतःच पुन्हा एक मूठ अक्षता टाकल्या. वैजूनं हार घातला. सुहासनंही घातला, पण तोंड घट्ट मिटून. बायका म्हणाल्या, मुलगा किती लाजाळू आहे. लग्न लागलं. हैबतीच्या आईनं देवाला पाच नारळ बोलले आणि हैबतीला कोठीत कोंडायला निघाली. तोवर तो पंक्तीत वाढायला गेला होता.

नवरा-नवरी जेवायला बसली. घास भरवायची वेळ आली. वैजूनं जिलबी उचलली. सगळे म्हणाले, नाव घ्या, नाव घ्या. वैजूनं घेतलं:

"काचेच्या पेटीत फौजदार बसतो ऐटीत,
सुहासरावांना घास देते भरल्या पंगतीत."

पंगत हसली. वैजूनं जिलबी पुढं केली. सुहासनं मान हलवली. तोंड काही उघडलं नाही. तिनं आग्रह केला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तात्यासाहेब म्हणाले, "आरं खा की, लेका." तरी नाही. नवऱ्यानं बायकोच्या हातचा पहिला घास नाकारला. वैजूचा चेहरा उतरला. पंगत कुजबुजायला लागली.

हैबती मागंच उभा होता. बहिणीचा चेहरा त्याच्यानं बघवेना. त्यानं खिशातली डबी काढली, तिच्या पानाशी ठेवली आणि मायेनं म्हणाला, "आगं वैजे, पावडर लावल्याबिगर कसं खात्याल?"